एक इंच म्हणजे सहा फूट

गोष्ट २४ सप्टेंबर २०२५ ची, बुधवारची. रात्री साडेदहाला रेक्टर मॅडम राउंडवर आल्या, आमच्या रूमच्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "कसला वास येतोय गं?"

वास थिनरचा होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर तळहाताएवढं मिग-२१ विमान, शेजारी रंगाची बाटली आणि चार्जिंगवर चालणारा छोटा एअरब्रश. खाली कॉटजवळ रूम पार्टनरची मॅगी करायची इलेक्ट्रिक कॉइल. (मॅगीचा गुन्हा वेगळा, त्याची शिक्षाही वेगळी झाली!) पाच मिनिटांत एअरब्रश, थिनर, रंग, सगळं ऑफिसात जमा. विमान तेवढं मॅडमनी राहू दिलं. जाताना म्हणाल्या, "इंजिनिअरिंगला आहेस ना तू? मग हे खेळणं कशाला?"

त्या रात्री मी फक्त "सॉरी मॅडम" म्हणाले. उत्तर सुचायला बरेच महिने लागले. ते उत्तर म्हणजे हा लेख. आधीच कबूल करते, थिनर जप्त केला हे मॅडमनी बरोबरच केलं. पण त्याबद्दल शेवटी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या विमानाची मोजून लहान केलेली प्रतिकृती. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले पन्नास-शंभर भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, सांधे बुजवायचे आणि रंगवायचे. हे विमान उडत नाही! रिमोट नाही, मोटर नाही, चावीसुद्धा नाही. सगळ्यात जास्त चालणारी स्केल १/७२, म्हणजे मॉडेलवरचा एक इंच हा खऱ्या विमानावरचे सहा फूट. सहा फुटी पायलट एक इंचाचा होतो. मिग-२१ चे पंख खरे सव्वासात मीटरच्या आत, आमच्या टेबलावर दहा सेंटिमीटरला थोडे कमी. आपल्या लोहगावहून उडणारं सुखोई-३० याच स्केलमध्ये फूटपट्टीएवढं लांब होतं.

हे लहान मुलांचं खूळ आहे असं वाटत असेल तर एक किस्सा सांगते. १९४२ मध्ये अमेरिकन नेव्हीने देशभरातल्या शाळांकडे लाकडी विमानांची मागणी केली. किती? पाच लाख! स्केल हीच, १/७२. सैनिकांना आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे लांबून ओळखायला शिकवायचं होतं. ३५ फुटांवर धरलेलं मॉडेल म्हणजे २५२० फुटांवरचं खरं विमान, जवळजवळ अर्धा मैल. गुणाकार करून बघा. शाळकरी मुलांनी कानशीने घासलेल्या लाकडाच्या तुकड्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून होता, म्हणून मापात चूक चालत नव्हती.

आता आमच्याबद्दल. आम्ही सातजण आहोत. निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या पार्किंगमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी भेटतो. गुरुवार का, तर एमआयडीसीला सुट्टी असते. ज्यांचं पार्किंग आहे ते काका एका वाहन कंपनीच्या पेंट शॉपमधून रिटायर झाले. दोघेजण चाकणला नोकरीला आहेत. एका दादाचा घरचा गणपतीचा कारखाना आहे, तो जून ते गणेश चतुर्थी आम्हाला अजिबात भेटत नाही. बाकी तिघं आम्ही कॉलेजवाले. आमच्या तिघांना सगळ्यात जास्त थिअरी येते आणि सगळ्यात वाईट काम येतं, हे पहिल्या महिन्यातच कळलं.

मी पहिलं विमान ब्रशने रंगवलं होतं. माझ्या मते छान झालं होतं. काकांनी ते बोटावर घेतलं, तिरकं धरून उजेडात बघितलं आणि विचारलं, "थर किती जाड झाला असेल?" मी म्हटलं, "असेल पॉइंट वन मिलिमीटर." ते म्हणाले, "बहात्तरने गुण." सात मिलिमीटर! म्हणजे खऱ्या विमानावर बोटाच्या निम्म्या जाडीचा रंग थापल्यासारखं. पत्र्यांच्या सांध्यांच्या सगळ्या बारीक रेघा त्यात बुजून गेल्या होत्या. स्केल रंगालाही लागू होते हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. म्हणून एअरब्रश.

एअरब्रश दिसतो पेनसारखा. आत एक बारीक सुई, पुढे साधारण ०.३ मिलिमीटरचं तोंड. बटण खाली दाबलं की हवा सुटते, तेच बटण मागे ओढलं की सुई मागे सरकते आणि रंग सुटतो. एका बोटाने दोन कामं. हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, गाडीच्या टायरच्या साधारण निम्मा. ऐकायला सोपं आहे ना? मग करून बघा. रंग घट्ट असेल किंवा हात लांब असेल तर थेंब वाटेतच वाळतात आणि पंखावर वाळू पसरल्यासारखं दिसतं. फार पातळ केला आणि जवळून मारला तर रंग कोळ्याच्या पायांसारखा चारी बाजूंना पळतो. एका जागी हात थांबला की ओघळ. पातळ केला तरी थर नीट सपाट पसरला नाही की संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग. या शेवटच्या दोषाला पेंट शॉपमध्ये खरोखरच 'ऑरेंज पील' म्हणतात. मी ते नाव इंग्रजीत ऐकलं होतं. 'ओघळ', 'अस्तर', 'रंगाचा दुसरा हात' हे शब्द मात्र पार्किंगमध्ये शिकले. कॉन्व्हेंटमध्ये ते कुणी शिकवले नव्हते आणि वर्कशॉप प्रॅक्टिसच्या पुस्तकातही नव्हते.

आणि इथे मला माझं एक पाप कबूल करायचं आहे. रंग किती पातळ हवा, हे काकांना विचारलं तर ते म्हणाले, "दुधासारखा." मी म्हटलं, "काका, दूध म्हणजे नेमकं किती?" तेव्हा त्यांनी आतून एक छोटा धातूचा कप आणला. फोर्ड कप, नंबर ४. तळाला चार मिलिमीटरपेक्षा किंचित मोठं भोक. कप काठोकाठ भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. पेंट शॉपमध्ये प्रत्येक शिफ्टला हे व्हायचं. तापमान बदललं की सेकंद बदलतात म्हणून तेही लिहायचं. मी बघतच राहिले. कारण हे मी 'केलं' होतं! रेडवूड व्हिस्कोमीटर, जर्नलमध्ये सहीसकट. फक्त ती रीडिंग सिनियरच्या जर्नलवरून घेतली होती आणि ग्राफ सुंदर यावा म्हणून मधली दोन जमवली होती. काकांनी सहज विचारलं, "मग तुमच्या कॉलेजात तेल गरम केल्यावर किती सेकंद आले?" मला सांगता येईना. ओरलला तर मी पूर्ण मार्क घेतले होते.

मित्रांनो, खोटं बोलू नका. आपल्यातल्या किती जणांनी फर्स्ट इयरचा फिटिंगचा जॉब स्वतः घासला? किती जणांनी मामांच्या हातापाया पडून घासून घेतला? प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं तर आपण पुन्हा घेत नाही, खोडतो. कारण चुकलेल्या रीडिंगचा कुणालाच त्रास होत नाही. सही मिळते, सबमिशन होतं, सेमिस्टर संपतं. चूक दिसतच नाही.

मॉडेलवर मात्र चूक दिसते. जुलै २०२५ मध्ये बातमी आली की मिग-२१ सप्टेंबरमध्ये निवृत्त होणार. १९६३ पासून आपल्या एअर फोर्सचं विमान, आणि आपल्या महाराष्ट्राशी नातं असलेलं. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात ही विमानं तयार झाली. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करणारी विमानं मिग-२१ च होती. पुढे अपघातांमुळे त्यांचं नाव फार वाईट झालं, तेही खरं. चंदीगडला २६ सप्टेंबरला निरोप होणार होता. आम्ही ठरवलं, त्या दिवसापर्यंत प्रत्येकाने एक मिग पूर्ण करायचं. मी मोठ्या हौसेने रंग न दिलेलं, उघड्या धातूचं जुनं मिग निवडलं. सगळे हिरवे-तपकिरी पट्टे मारत बसतील, माझं चंदेरी लखलखेल!

काका म्हणाले, "चंदेरी निवडलंस? बरं. चंदेरी रंग चुगली करतो."

आणि केलीच त्याने. धडाचे दोन अर्धे भाग चिकटवून मी सांध्यात पुट्टी भरली, ४०० च्या वॉटर पेपरने घासली, बोट फिरवलं, गुळगुळीत. चंदेरी मारल्यावर नाकापासून शेपटीपर्यंत एक रेघ आणि तिच्या बाजूला शेकडो ओरखडे. रंग थिनरने पुसला, पुन्हा घासलं, ४००, ८००, १०००, २०००. अस्तर, त्यावर चकचकीत काळा, त्यावर चंदेरीचे अगदी पातळ हात. या वेळी रेघ गेली, पण रंगावर पांढुरकं धुकं आलं. कारण? ऑगस्टमधला निगडीचा पाऊस. थिनर भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ रंगावर बसते. थर्मोडायनॅमिक्समध्ये दवबिंदूवर मी पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, तोच दवबिंदू माझ्या पंखावर बसला होता! पेंट शॉपमध्ये तापमान आणि आर्द्रता का सांभाळतात, हे त्या दिवशी कळलं. तिसऱ्या वेळी सगळं जमलं, तर विमान चाकांवर उभं केल्याबरोबर शेपटीवर बसलं. नाकात वजन भरायला विसरले होते. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, फर्स्ट इयर, पहिलं युनिट... नाकाचा भाग कापून आत शिसं भरलं, पुन्हा सांधा, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. गुरुवारच्या दोन तासांत हे भागेना, कारण हॉस्टेलचं गेट. म्हणून मी त्या बुधवारी रात्री रूमवर एअरब्रश उघडला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गणपतीवाल्या दादाने चतुर्थी उरकल्यावर सुरुवात केली आणि वीस दिवसांत सगळ्यात सुंदर विमान केलं. तो दहावीनंतर शिकला नाही. पण मूर्तीच्या गालावर कॉम्प्रेसरने सावली देणं आणि डोळ्यांची आखणी करणं त्याच्या हातात लहानपणापासून आहे. मूर्तीच्या डोळ्यात चूक झाली तर गिऱ्हाईक मूर्ती घेत नाही. तिथे जमवायची सोय नाही, तशी सहीही मिळत नाही. एअरब्रश म्हणजे काहीतरी फॉरेनचं, असं मला वाटायचं. आपल्याकडे पेणपासून चिखलीपर्यंत तीच कला दर पावसाळ्यात चालते आणि आपण तिच्याकडे इंजिनिअर म्हणून कधी बघतच नाही.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे. उपयोग काय? प्लेसमेंटला उपयोग नाही. मी रिझ्युमेमध्ये लिहिलं तर एचआर हसेल. पण मला वाटतं, ज्या कामाचे मार्क नाहीत तेच काम माणूस खोटेपणा न करता करतो. मी रेघ तीनदा घासली, कारण ती कुणाला दाखवायची नव्हती आणि मला दिसत होती. जर्नल तीनदा लिहिलं असतं का? हा लेख म्हणून पुरावा माना किंवा कबुलीजबाब.

पुण्यात याचं एक मोठं उदाहरण आहे. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेंचं जग उभं केलं. रूळ, सिग्नल, पूल, गावं. त्यांच्या छंदातून उभं राहिलेलं ते म्युझियम १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जाऊन या. 'खेळणं' या शब्दाचा अर्थ बदलेल. आणि पुढच्या वेळी गोव्याला आयव्हीला गेलात तर बीचवरून अर्धा दिवस काढून दाबोळीच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमला जा. तिथे २०१६ मध्ये निवृत्त झालेल्या सी हॅरियरजवळ उभं राहून मी पाऊण तास फोटो काढले आणि आमची बस माझ्यामुळे थांबली. खऱ्या विमानाचा रंग कुठेच एकसारखा नसतो. उन्हाने विटतो, पायऱ्यांजवळ बुटांनी घासतो, तेलाचे ओघळ मागच्या बाजूला जातात. हे मला दिसलं, कारण मला ते रंगवायचं होतं. बाकीच्यांना विमान दिसलं. मला कोणीतरी ते रोज वापरत होतं, हे दिसलं.

काही आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. किट बाहेरून येतात आणि महाग असतात, खरं आहे. स्केल मॉडेल कस्टम्सच्या यादीत खेळण्यांच्याच मथळ्याखाली येतात, आणि खेळण्यांवरची ड्यूटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. थोडक्यात, सरकारचं मत आणि मॅडमचं मत एकच! पण एक किट आम्हाला तीन-चार महिने पुरतं, आणि माझ्या मिगला मेसच्या पंधरा दिवसांएवढे पैसे लागले. काकांचा कॉम्प्रेसर भंगारातल्या फ्रीजचा आहे. कुदळवाडीत भंगाराची दुकानं होती तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी २०२५ च्या पाडापाडीच्या आधी, त्यांनी तो आणला. त्याला गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पाणी अडवणारा ट्रॅप बसवला. तो सातजणांत एकच आहे आणि पुरतो.

दुसरा आक्षेप, आता थ्री-डी प्रिंटर आहे, हाताने कशाला? प्रिंटरमधून निघालेल्या भागावर थरांच्या रेघा असतात. त्या घालवायला काय करतात? पुट्टी, वॉटर पेपर, अस्तर. आपल्याच कॉलेजच्या गाडी बनवणाऱ्या टीममधला एक जण याच कामासाठी आमच्या पार्किंगमध्ये दोन गुरुवार येऊन गेला!

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा, धोका. एनसी थिनरमध्ये बहुतेक वेळा टोल्युइन असतं. त्याचा फ्लॅश पॉइंट चार डिग्री सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडे कोणत्याही ऋतूत त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. ती वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते. आणि आमच्या खाली काय होतं? कॉइल. माझी रूम पार्टनर त्या रात्री मॅगी करणार होती. मॅडम दहा मिनिटं उशिरा आल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही. श्वासातून रोज जाणं तर वाईटच. काका मास्क घातल्याशिवाय आम्हाला बटण दाबू देत नाहीत. तेव्हा नियम बरोबर आहे, चूक माझी होती.

पण नियम तिथेच थांबतो, हे मला पटत नाही. 'रूमवर करू नका' यानंतरचं वाक्य 'इथे करा' असं हवं. आपल्याकडे फर्स्ट इयरचं वर्कशॉप आहे. एक्झॉस्ट फॅन आहेत, बेंच आहेत, आगीच्या बादल्या आहेत आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मामा आहेत, ज्यांच्या हाताला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पाचला कुलूप लागतं आणि शनिवारी ते उघडतच नाही. माझी मागणी छोटी आहे. शनिवारी दुपारी दोन ते पाच, खिडकीजवळचा एक बेंच. थिनर फक्त तिथे, लोखंडी कपाटात, मामांच्या किल्लीत. मास्क नाही तर प्रवेश नाही. रूमवर कापणं, घासणं, चिकटवणं आणि पाण्यात विरघळणारे रंग ब्रशने. विमानच पाहिजे असं नाही. कुणाला एसटी करायची असेल, कुणाला रायगड, कुणाला गणपती, तर तेही चालेल.

आणि स्टाफला एक कळकळीची विनंती. याला कृपा करून क्रेडिट देऊ नका! सर्टिफिकेट नको, कॉम्पिटिशन नको, अटेंडन्स तर नकोच. मार्क ठेवलेत की दुसऱ्याच वर्षी आम्ही सिनियरचं विमान आणून दाखवू. आम्हाला आम्ही चांगलं ओळखतो.

चंदीगडचा कार्यक्रम आम्ही काकांच्या मोबाइलवर पाहिला. टेबलावर सहा मिग उभी होती आणि सातवं, माझं, नाकाला नवी पुट्टी लावलेलं, राखाडी अस्तरात. एअरब्रश सेमिस्टर संपल्यावर परत मिळाला, घरी नेण्याच्या अटीवर. मिग माझ्या टेबलावरच आहे, अजून तसंच. मॅडम, शनिवारी वर्कशॉप उघडलं तर पहिला हात तुमच्यासमोर मारीन. बघा पटतंय का.